छतावरचा पायमोजेवाला

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात शिरताना चपला-बूट बाहेर काढावे लागतात. मागच्या हिवाळ्यात मी गेले तेव्हा माझ्यापुढे एका शाळेची सहल होती. दाराशी काळ्या बुटांचा ढीग आणि आत मळकट पांढरे मोजे घालून थंडगार दगडावरून घसरत चाललेली पोरं. उन्हातून आत गेलं की पहिल्यांदा काही दिसतच नाही. डोळे सरावेपर्यंत सगळं काम नाकालाच करावं लागतं. ओलसर दगड, वटवाघळांचा मुरलेला उग्र दर्प आणि त्या दिवशी त्यात सहलीतल्या मोज्यांची भर. पोरांनी पद्मपाणी बोधिसत्त्व पाहिला, म्हणजे सरांनी बोट केलं त्या दिशेला माना वळवल्या. रक्षक "चला, पुढे चला, मागं लोक थांबलेत" म्हणत होता, पण रांग तुंबली होती. करायला काही नाही म्हणून पोरं छताकडे बघायला लागली. तिथे एका चौकोनात टोकदार टोपी घातलेला, दाढीवाला, अंगात बाह्यांचा डगला असलेला एक माणूस हातात पेला घेऊन ऐसपैस बसलाय. बाजूला बायका, सेवक. आणि त्याच्या पायात चक्क मोजे आहेत. एक पोरगा मोठ्यांदा ओरडला, "सर, ह्यानं पण बूट भाईरच काढल्यात!"

सगळं लेणं हसलं. रक्षकसुद्धा. सर म्हणाले, "तो इराणचा वकील आहे. चला, पुढचं लेणं." रांग हलली.

मला मात्र ते वाक्य चिकटलं. सरांनी सांगितलं ते काही त्यांच्या पदरचं नव्हतं, अजिंठ्याचे वाटाडे पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगत आलेत. त्याचा उगम जेम्स फर्ग्युसन या स्कॉटिश अभ्यासकाकडे जातो. त्याने १८७९ साली मांडलं की पहिल्या लेण्याच्या भिंतीवरचा दरबार म्हणजे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी इराणचा बादशहा खुस्रो याच्या वकिलांना, म्हणजे राजदूतांना, भेटतोय तो प्रसंग, आणि छतावरचा पेलेवाला म्हणजे खुद्द खुस्रो, शेजारी त्याची राणी शिरीन. गोष्ट इतकी देखणी होती की ती पाठ्यपुस्तकांतून, मार्गदर्शिकांतून थेट सहलीच्या सरांपर्यंत पोचली. अडचण एवढीच की ही लेणी वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळातली, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली. पुलकेशी त्यानंतर दीडशे वर्षांनी आला. भिंतीवरचा तो दरबार आता बहुतेक अभ्यासक महासुदर्शन राजाच्या बौद्ध कथेतला मानतात. म्हणजे वकील गेला, खुस्रो गेला, शिरीन गेली. मोजे तेवढे राहिले.

आणि खरं सांगायचं तर मोजे राहिले तेच बरं झालं. कारण वकील म्हटलं की प्रश्न मिटतो, वकील येणारच, नजराणा देणारच, चित्रकार त्याचं चित्र काढणारच. वकील नसेल तर हा माणूस तिथे का आहे? बरं, तो भिंतीवर कुठल्या जातककथेत नाही. तो छतावर आहे, हंस, कमळं, फळं, वेली आणि उधळलेला हत्ती यांच्या शेजारी, नक्षीच्या चौकोनात. एकदा काढून भागलं नाही म्हणून थोड्याफार फरकाने पुन्हा दुसऱ्या चौकोनात. म्हणजे त्या चित्रकाराच्या लेखी कमळ जसं शोभेचं, हंस जसा शोभेचा, तसाच हा परदेशी रंगेलही शोभेचा. सतराव्या लेण्यात बुद्धाचं प्रवचन ऐकायला जमलेल्या गर्दीतही असे टोपीवाले लोक आहेत, पण ते तिथे श्रोते म्हणून आलेत, त्यांना काही काम आहे. पहिल्या लेण्यातल्या या गृहस्थाला काहीच काम नाही. भिक्षूंच्या विहाराच्या छतावर तो मजेत पीत बसलाय आणि दीड हजार वर्षांत त्याला कुणी खाली उतर म्हटलेलं नाही.

या चित्रकाराने असा माणूस कुठे पाहिला असेल? अजिंठ्याचा डोंगर आपल्याला आज आडबाजूला वाटतो, पण उत्तरेकडून घाट चढून पैठणकडे जाणारे तांडे याच मुलखातून जात होते. भडोच, सोपारा, कल्याण ही बंदरं फार लांब नव्हती. एखाद्या घोड्यांच्या व्यापाऱ्याला त्याने पाहिलं असेल. किंवा माणूस पाहिलाच नसेल, पश्चिमेकडून आलेल्या एखाद्या चांदीच्या वाटीवर, एखाद्या विणलेल्या कापडावर अशी पेला घेऊन बसलेली आकृती असेल आणि ती याला आवडली असेल. मला हे दुसरं जास्त पटतं. याला पुरावा माझ्याकडे नाही, पण ज्याने कधी कुठली नक्षी उतरवून घेतली असेल त्याला कळेल. समोर जिवंत माणूस असला की आपण त्याचं तोंड बघतो. वस्तूवरचं चित्र उतरवताना आपण टोपीचं टोक, डगल्याची किनार, मोज्याची कड असलं काहीबाही फार प्रेमाने काढतो.

मी हे अनुभवाने सांगते. शाळेत इंटरमीजिएटच्या परीक्षेआधी आमच्या चित्रकलेच्या बाईंनी एका जुन्या दिनदर्शिकेचं पान फळ्यावर डकवलं होतं. पद्मपाणीचं. बाई म्हणाल्या, चौकटी आखा आणि एकेका चौकटीत जेवढं दिसतं तेवढंच काढा, पूर्ण चेहऱ्याचा विचार करू नका. मी आखल्या. मुकुट जमला, कारण त्यात इतकं बारीक काम आहे की थोडं इकडंतिकडं झालेलं कुणाला कळत नाही. मोत्यांची माळ जमली. हातातलं निळं कमळ जमलं. भुवईपाशी मी जी अडकले ती अडकलेच. ती भुवई धनुष्यासारखी वर जाते आणि तशीच उतरून नाकाची कड होते, आणि कुठे भुवई संपली, कुठे नाक सुरू झालं ते सांगता येत नाही. चौकटीत चौकटीपुरतं काढलं तर प्रत्येक तुकडा बरोबर आणि सगळं मिळून एक रागीट पोस्टमन. खोडून खोडून कागदाला भोक पडलं. मग बाई आल्या, माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि चौकटींकडे न बघता, मनगट न टेकवता, खांद्यापासून हात फिरवून एक रेघ मारली. चित्र माझं होतं, भुवई बाईंची झाली. पुढे कितीतरी वर्षांनी चित्रसूत्र हा चित्रकलेवरचा जुना संस्कृत ग्रंथ वाचताना दिसलं की तिथे म्हटलंय, आचार्य रेषेची वाहवा करतात, जाणकार छायेची, बायकांना दागिने आवडतात आणि उरलेल्या सगळ्यांना रंग. दागिन्यांबद्दलचं विधान वाचून मी चिडले होते खरी. पण मुकुट आणि माळ जमलेली आणि भुवई फसलेली मुलगी त्यात नेमकी बसत होती, हेही लक्षात आलं.

ते निळं कमळही अलीकडे मला वेगळं दिसतं. अजिंठ्याचे बाकी रंग आसपासचेच आहेत. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना. भाताचं तूस आणि गवत मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावर, तो सुकल्यावर, ते डिंकासारख्या चिकट द्रावणात कालवून लावलेत. निळा मात्र इथला नाही. तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला लाजवर्द. तो दगड तिथून निघून, खैबरसारखा कुठला तरी घाट उतरून, किती बाजारांत किती हातांनी तोलून वाघूर नदीच्या या घोड्याच्या नालेसारख्या वळणापर्यंत आला आणि इथे कुणीतरी तो पाट्यावर वाटला. शेकडो वर्षं जुन्या नवव्या-दहाव्या लेण्यांत तो सापडत नाही, नंतरच्या लेण्यांत सापडतो. छतावरच्या पायमोजेवाल्याच्या आसपासही तो आहे. ज्या चित्राला आपण "अस्सल भारतीय" म्हणून जगापुढे धरतो, त्याचा निळा काबूलच्याही पलीकडचा. याने त्याचं भारतीयपण कमी होतं असं मला वाटत नाही. पण अस्सल म्हणताना माझी जीभ जरा अडखळायला लागली आहे.

आता त्या निळ्याचा, त्या रेषेचा पुढचा प्रवास. तो समजून घ्यायला मी बसले ते माझ्या मावसभावामुळे.

तो कामानिमित्त ओसाकाला असतो. सुट्टीत नाराजवळच्या होर्युजी देवळात गेला आणि आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर एका बोधिसत्त्वाचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "हे तर आपलंच!! पद्मपाणी इन जपान" आणि तिरंगे. पाठोपाठ काकांचे हात जोडलेले, आत्याचा "गर्व आहे", कुणाचं तरी लांबलचक पुढे ढकललेलं, ज्यात जगाला सगळं आपणच शिकवलं अशी यादी असते ते. मी फोटो मोठा करून पाहिला आणि मान्य करते, माझ्याही अंगावर काटा आला. तीच किंचित कललेली मान, तेच खाली झुकलेले डोळे, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये काहीतरी हलकं धरल्यासारखा तोच हात. आणि भुवई! मी खोडून खोडून भोक पाडलं ती. मग चिडचिड झाली. कशाने झाली ते कळायला वेळ लागला. "आपलंच" म्हणजे नेमकं कुणाचं? चित्र काढणाऱ्याचं, की त्याच्या मुलखात हजार-दीड हजार वर्षांनी जन्मलेल्या आमचं? मग त्या डगल्याबद्दल शिराजमधल्या कुणा कुटुंबाच्या गटावरही तिरंग्याऐवजी दुसरे झेंडे पडायला हवेत.

होर्युजीच्या सुवर्णमंदिरातली, म्हणजे तिथल्या 'कोंदो' नावाच्या मुख्य सभागृहातली भित्तिचित्रं सातव्या शतकाच्या शेवटची किंवा आठव्याच्या सुरुवातीची. अजिंठ्याच्या या लेण्यांनंतर दोनशे वर्षांनी. मधल्या काळात अजिंठ्याचा एखादा चित्रकार जपानला गेला, असा कुठेही दाखला नाही. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बारकाईने पाहिलं तर साम्याइतकाच फरकही दिसतो. अजिंठ्याची रेष जाड-बारीक होते, श्वास घेतल्यासारखी फुगते, आणि गालावर, छातीवर छायेने गोलाई येते. होर्युजीची रेष लाल, एकसारख्या जाडीची, ताणलेल्या तारेसारखी. ही तार मधे कुठेतरी भेटली आहे. सातव्या शतकात तांग चीनच्या राजधानीत, चांगआनला, युची इसेंग नावाचा एक चित्रकार होता. तो मूळचा खोतानचा, म्हणजे वाळवंटाच्या कडेच्या एका बौद्ध राज्यातला, जिथे भारतीय, इराणी आणि चिनी असं सगळंच एकमेकांत मिसळलेलं होतं. चिनी लेखकांनी त्याच्या रेषेचं वर्णन वाकवलेल्या लोखंडासारखी, गुंडाळलेल्या तारेसारखी असं केलंय. म्हणजे मान कलली ती इकडे कुठेतरी, रेष ताठ झाली ती तिकडे, आणि जपानपर्यंत पोचताना बोधिसत्त्वाला थोडं नवं हाड, थोडं नवं मांस मिळत गेलं. 'अजिंठ्याचा जपानवर प्रभाव' या वाक्यात हे सगळे लोक गायब होतात. प्रभाव काही ढगासारखा समुद्रावरून जात नाही. कुणीतरी मांडी घालून, कागद पसरून, समोरचं उतरवून घेतं, तेव्हा ते एक कोस पुढे सरकतं.

याचा एक लेखी पुरावाच आहे, आणि तो मला या सगळ्यातला सर्वांत लाडका वाटतो. नारा शहरातल्या याकुशिजी देवळात बुद्धाच्या पावलांचा एक दगड आहे, ७५३ सालचा. त्याच्या कडेला कोरून ठेवलंय की ही पावलं कुठून आली. तांग दरबाराचा वकील (हा मात्र खराखुरा वकील) वांग श्वानत्से भारतात आला होता, त्याने इथल्या दगडावरच्या पावलांची नक्कल करून नेली, ती पहिली प्रत. चांगआनच्या एका देवळात ठेवलेल्या त्या प्रतीवरून किबुमी नावाच्या जपानी माणसाने दुसरी प्रत केली आणि जपानला नेली. तिच्यावरून तिसरी केली, आणि तिसरीवरून हा दगड घडवला. किती सरळ हिशोब! मूळ आमचं आहे, असा कांगावा नाही आणि मूळ आमच्याकडे आहे, असाही दावा नाही. ही तिसरी प्रत आहे, एवढंच नम्रपणे सांगितलंय आणि त्या तिसऱ्या प्रतीपुढे बाराशे वर्षं लोक वाकतायत. आमच्या गटावरच्या त्या यादीपेक्षा मला हे फार वरच्या दर्जाचं शहाणपण वाटतं.

पण नक्कल करणाऱ्यांवर मी फार लाडाने लिहायला लागले तर अजिंठ्याच्या भिंती माफ करणार नाहीत. त्यांनी जपलं, तसं बिघडवलंही. रॉबर्ट गिल हा मद्रास सैन्यातला अधिकारी. कंपनी सरकारने १८४४ साली त्याला ही चित्रं उतरवायच्या कामावर नेमलं. आग्या मोहोळं, मलेरिया, बंडाची धामधूम यांतून त्याने वर्षानुवर्षं मोठमोठ्या कॅनव्हासांवर तैलरंगात चित्रं केली. पारो या इथल्याच बाईबरोबरची त्याची प्रेमकहाणी आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, अजिंठा गावातली तिची १८५६ सालची कबरही. ती कहाणी आपण इतकी सांगतो की त्याच्या कामाचं काय झालं ते विसरूनच जातो. लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ती चित्रं मांडली होती, १८६६ च्या डिसेंबरात आग लागली आणि चारपाच सोडून सगळी गेली. मग जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आले. १८७२ पासून पुढे बरीच वर्षं, आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन, हिवाळ्या-हिवाळ्यात. मुंबईची ती तरुण पोरं, त्यांत पेस्तनजी बोमनजीही होते, इथे विलायती पद्धतीने तैलरंगात गुप्त-वाकाटक काळ उतरवत बसली होती. ती चित्रं लंडनला, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेली आणि १८८५ साली तिथेही आग लागली. बरीच जळली. उरलेल्यांवरून ग्रिफिथ्सने १८९६ साली ग्रंथ छापला.

आणि या सगळ्या खटाटोपात, अंधुक झालेली चित्रं नीट दिसावीत म्हणून, भिंतींवर व्हार्निश चोपडलं गेलं. ओल्या फडक्याने पुसल्यावर क्षणभर रंग उजळतो तसाच व्हार्निशनेही उजळतो, फक्त मग ते पिवळं पडतं, तडकतं आणि निघताना रंगाची खपली घेऊन निघतं. पुढे निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि त्याचा सहकारी असे तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटत चाललेला गिलावा पुन्हा भिंतीला पकडून ठेवला, त्याबद्दल त्यांचे उपकारच आहेत, पण वरून लाखेचा थर दिला आणि तोही पिवळा झाला. आज आपण पद्मपाणीच्या अंगकांतीला 'सोनेरी' म्हणतो त्यात पाचव्या शतकाचं किती आणि लाखेचं किती, याची मला प्रत्येक वेळी शंका येते. बदख्शानचा निळा, वाघूरकाठची माती, आणि वर युरोपातल्या शास्त्राने चढवलेला पिवळा. हीसुद्धा देवाणघेवाणच म्हणायची.

या नकलाकारांत मला दोन माणसं विशेष आवडतात. एक ख्रिस्तियाना हेरिंगहॅम. या बाईंनी मध्ययुगीन इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्नीनीचं रंगकामावरचं पुस्तक इंग्रजीत आणलं होतं, अंड्याच्या बलकात रंग कालवून जुन्या रीतीने चित्रं काढत असत. म्हणजे त्या तैलरंगवाल्या नव्हत्या, भिंतीवरच्या पातळ, मॅट रंगाची भाषा त्यांच्या हाताला आधीच येत होती. १९०९ ते १९११ च्या दरम्यान त्या अजिंठ्याला राहिल्या. मदतीला कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार वगैरे मुलं आली, हैदराबादहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन. नंदलाल पुढे शांतिनिकेतनला गेले आणि त्यांच्या हातातून अजिंठ्याची रेष बंगालमध्ये पसरली. सय्यद अहमद पुढे याच लेण्यांचे रखवालदार-अभिरक्षक झाले. मला वाटतं, एका इंग्रज बाईने इटलीत शिकलेल्या डोळ्यांनी बंगाली आणि हैदराबादी तरुणांना मराठवाड्यातली लेणी दाखवली, हे वाक्य एका दमात म्हणून बघावं. त्यातला कुठला भाग 'आपला' म्हणून बाजूला काढता येतो?

दुसरा माणूस अराई काम्पो. रवींद्रनाथांच्या आमंत्रणावरून हा जपानी चित्रकार १९१६ साली कलकत्त्याला आला, जोरासांकोला ठाकुरांच्या घरी कुंचला धरायला शिकवत होता, आणि मग अजिंठ्याला येऊन त्याने पहिल्या लेण्यातली चित्रं जपानी रीतीने कागदावर उतरवली. त्याला इथे कसं वाटलं असेल याचा मी बराच विचार केला आहे. फर्दापूरच्या बाजूचं करकरीत ऊन, कोरडी नदी, आणि आत अंधारात ओळखीची मान. कारण होर्युजीचा बोधिसत्त्व त्याला लहानपणापासून ठाऊक असणार. आम्हाला वाटतं, जपानमध्ये गेल्यावर 'आपला' पद्मपाणी भेटला. त्याला इथे त्यांचा होर्युजी भेटला असेल. त्याच्या त्या नकला टोकियोत ठेवलेल्या होत्या. १९२३ च्या भूकंपात आणि त्यामागून लागलेल्या आगीत त्या गेल्या.

माणसाने इथे थांबायला हरकत नव्हती. पण १९४० साली जपान सरकारने होर्युजीच्या भिंतींच्या नकला करायचं काम काढलं, कारण चित्रं झिजत चालली होती, आणि त्यासाठी नेमलेल्या प्रमुख चित्रकारांत साठी ओलांडलेला अराई काम्पो होता. अंधाऱ्या सभागृहात दिव्यांखाली, युद्धाच्या तुटवड्यात, पुन्हा तीच भुवई. १९४५ साली तो वारला तेव्हा काम चालूच होतं. नंतर इतरांनी ते पुढे नेलं, आणि १९४९ साली २६ जानेवारीला पहाटे त्या सभागृहाला आग लागली. कडाक्याच्या थंडीत नकला करणाऱ्या चित्रकारांसाठी ठेवलेल्या विजेच्या उबदार गाद्यांपैकी एखादी चालू राहिली असावी, असं बरेच लोक मानतात, पण कारण पक्कं असं कधी ठरलं नाही. बारा मोठ्या भिंतींचे रंग करपले. जे वाचवायला माणसं आत बसली होती तेच त्यांच्या बसण्याने गेलं असेल, तर यावर काय बोलायचं मला सुचत नाही. वरच्या बाजूच्या छोट्या फळ्यांवरच्या उडत्या अप्सरा दुरुस्तीसाठी आधीच काढून ठेवल्या होत्या म्हणून वाचल्या. पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक ठेवा जपण्याचा कायदा केला, आणि तिथे आजही २६ जानेवारीला देवळांत, संग्रहालयांत आग विझवण्याच्या कवायती होतात. आपण त्या दिवशी दिल्लीतलं संचलन बघत असतो.

आगीत रंग गेले तरी १९३५ साली त्या भिंतींचे मूळ मापाएवढे, फार बारकाईने घेतलेले फोटो शिल्लक होते. ते आणि अर्धवट नकला समोर ठेवून १९६७-६८ मध्ये जपानच्या नामांकित चित्रकारांनी सगळ्या भिंती पुन्हा रंगवल्या. आज सभागृहात दिसतात त्या या. करपलेल्या मूळ भिंती वेगळ्या कोठारात जपून ठेवल्यात. आपल्याकडेही फर्दापूरजवळ जपानच्या कर्जातून अभ्यागत केंद्र उभं राहिलं, त्यात चार लेण्यांच्या प्रतिकृती केल्या. तिथे गेलं की आपल्या लोकांचा चेहरा पडायचा, "हे काय, डुप्लिकेट!" मीही तसाच चेहरा केला होता. याकुशिजीच्या दगडाबद्दल वाचल्यावर तो चेहरा जरा कमी करते, पण खोटं कशाला बोलू, प्रतिकृतीत वटवाघळांचा वास नसतो आणि त्यावाचून मला अजिंठा अजिंठा वाटत नाही.

हे सगळं एवढ्या विस्ताराने नाही, पण बऱ्यापैकी लांब करून मी त्या रात्री मावसभावाला कळवलं. गटावर नाही, गटावर लिहिलं असतं तर आत्या दुखावली असती. पायमोजेवाला, बदख्शान, खोतान, तार, काम्पो, आग. शेवटी विचारलं की तू प्रत्यक्ष बघितलंस ना, तर सांग, भुवईची आणि नाकाची रेघ एकच आहे की मधे तुटते? फोटोत नीट कळत नाही. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं.

"अगं, आत अंधार होता आणि पुढे जाळी. फोटो काढायला पण मनाई. काही धड दिसलं नाही. मी टाकला तो बाहेर दुकानात पोस्टकार्ड होतं त्याचा फोटो आहे."

मी विचारलं, मग ते कार्ड तरी घेतलंस का?

"नाही. महाग होतं."